आसनव्यवस्था समितीचा प्रमुख

आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय परिसंवाद झाला तेव्हा मी आसनव्यवस्था समितीचा प्रमुख होतो. समितीत मी एकटाच असल्यामुळे निवड बिनविरोध झाली. विषय होता 'महाविद्यालयाची दारे आणि वंचित युवक'. वाड्यातांड्यांवरची मुलं बारावीनंतर कॉलेजात का येत नाहीत, यावर यवतमाळच्या आमच्या सभागृहात दिवसभर चिंतन व्हायचं होतं. परिसंवाद राष्ट्रीय ठरावा म्हणून आदिलाबादहून एका प्राध्यापकांना बोलावलं होतं. पैनगंगा ओलांडली की परराज्य लागतं, ही आमच्या जिल्ह्याला देवानं दिलेली मोठीच सोय आहे.

तारीख ठरली त्या बैठकीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीची मुदत नेमकी त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. खरं सांगायचं तर माझ्या लक्षात आली होती. पण प्राचार्य खुशीत होते, बशीत गरम कचोरी होती, आणि मी मूग गिळून बसलो.

प्रवेशाचं सगळं काम आमच्या एका बाबूंच्या हाती. कागदपत्रं तपासून संगणकावर नाव पक्कं करायचं तर पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक. कॉलेजातला एकुलता एक चालू प्रिंटरही त्यांच्याच टेबलावर, म्हणून सहभागाची प्रमाणपत्रं छापायचं कामही त्यांच्याचकडे. मग त्या दिवशी बाबूंना टेबल, संगणक आणि प्रिंटरसकट मंचामागच्या खोलीत नेऊन बसवलं. प्रवेशाच्या खिडकीवर आम्ही कागद चिकटवला: 'परिसंवादानिमित्त काम थोडा वेळ बंद राहील.' 'थोडा वेळ' हे शब्द माझे.

सकाळी दहाच्या सुमारास एक मुलगी आणि तिची आई त्या कागदासमोर उभ्या दिसल्या. पुसदच्या पलीकडच्या तांड्यावरून दोन एसट्या बदलून आल्या होत्या. मुलीच्या छातीशी प्लास्टिकची फाइल होती. आईनं शहरात जायचं म्हणून ठेवणीतला, आरसे लावलेला फेटिया म्हणजे बंजारा घागरा नेसला होता.

"सर, आज पाच वाजेपर्यंत या म्हणून मेसेज आला मले," मुलगी म्हणाली. "बी.एस्सी.ची सीट लागली आहे."

"आमच्या तांड्यातून सायन्सले लागलेली हे पयलीच पोरगी हाये," आई म्हणाली. "आज नाव नाई लागलं तं सीट दुसऱ्याले जाते म्हणते."

मी बाबूंना हाक मारणारच होतो. तेवढ्यात प्राचार्य घाम पुसत आले. "सर, पुढच्या खुर्च्या रिकाम्या काहून दिसून राह्यल्या? फोटोवाला येऊन उभा हाये."

मी मायलेकींकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे पाहिलं. "या, आत बसा," मी म्हणालो. "उद्घाटन झालं की बाबू मोकळे होतात. दहा मिनिटांचं काम आहे तुमचं." त्या लगेच आल्या. कॉलेजातला सर बसा म्हणतो तेव्हा उभं कोण राहणार? मी त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं आणि नोंदवहीत मुलीचं नावही लिहून टाकलं, तेवढीच उपस्थिती वाढली.

नागपूरचे प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. त्यानंतर सत्कार सुरू झाले. आमच्याकडे मंचावर बसलेल्या प्रत्येकाला शाल आणि नारळ मिळतो, आणि ज्यांनी शाली दिल्या त्यांना कुणीतरी शाल द्यावी लागते, त्यामुळे सत्काराला नैसर्गिक शेवट असा नसतोच. फोटोवाल्याचा कॅमेरा सारखा त्या आरशांच्या फेटियाकडे वळत होता. तो आपल्याकडे वळावा म्हणून दोन मान्यवरांनी घसा खाकरून पाहिला. शेवटी पाहुणे बोलायला उभे राहिले. "ही मुलं आपल्यापर्यंत येत नाहीत," ते कळवळून म्हणाले. "आपणच त्यांच्या दारात जायला हवं." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेतल्या आईनंही वाजवल्या. सर्वांत जोरात मी वाजवल्या.

जेवणाच्या सुट्टीत मुलगी फाइल घेऊन माझ्याकडे आली. मी मंचामागे डोकावलो. बाबू प्रमाणपत्रांच्या ढिगाऱ्यात बसले होते. एका प्राध्यापकांना नावाआधी 'डॉ.' हवं होतं, दुसऱ्यांना आडनावाची वेलांटी बदलून हवी होती. "सर, मले मराले टाइम नाई," बाबू म्हणाले. "चार वाजता पाठवा."

मी तिला चार सांगितले. ती बरं म्हणाली आणि पत्रावळ घेऊन आईशेजारी जाऊन बसली.

जेवणानंतर जे होतं तेच झालं. पोटभर मसालेभात आणि बुंदी खाऊन निम्मे प्रतिनिधी गाड्या काढून निघाले. लोकांनी थांबावं म्हणून आम्ही प्रमाणपत्रं अगदी शेवटी देतो, तरी जाणारे दुसऱ्याला घ्यायला सांगून जातात. प्राचार्यांचा पारा चढला. पेपरवाले यायचे होते. त्यांनी मला दारात उभं केलं. "आता एकही माणूस भायेर जाऊ द्याचा नाई."

चार वाजता ती मुलगी उठली. दारात मी. "प्रश्नोत्तरं संपू दे, मग जा," मी म्हणालो. तिला घाई कसली ते मला कळलंच नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला ठाऊक होतं. पण तिच्यापेक्षा मला प्राचार्यांची जास्त भीती वाटली, इतकं ते साधं होतं.

सत्राच्या अध्यक्षांनी प्रश्न चिठ्ठीवर मागितले. चिठ्ठ्या गोळा करायचं कामही आसनव्यवस्थेचंच. विषयाला धरून असतील तेवढ्याच अध्यक्षांना द्यायच्या, अशी सूचना होती. एका चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सर, माझ्या ॲडमिशनचं काय? आता साडेचार वाजले.' मी ती वाचली. विषयाला धरून नाही, म्हणून खिशात ठेवली. अध्यक्षांना मी 'ग्रामीण युवकांतील न्यूनगंड' ही चिठ्ठी दिली. त्या न्यूनगंडावर ते पंचवीस मिनिटं बोलले. मग आभार, मग राष्ट्रगीत.

आम्ही तिघं बाबूंच्या टेबलाशी पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. बाबूंनी दोनदा बटण दाबून पाहिलं.

"बंद झालं, सर. थे पाच वाजता आपोआपच बंद होते," ते म्हणाले. "आता सीट खालच्या नंबराले गेली. आपल्या हातात काही नाई."

मुलीनं फाइल उघडली होती, तशीच थोडा वेळ धरून ठेवली. आई कधी बाबूंच्या, कधी माझ्या, कधी मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग मुलगी त्यांच्या बोलीत तिला काहीतरी सांगू लागली. त्यातलं मला फक्त 'याडी' म्हणजे आई एवढंच कळलं, पण आईचा चेहरा पाहून उरलेलंही कळलं. बाबूंना, बिचाऱ्यांना, काहीतरी द्यावंसं वाटलं असावं. त्यांनी ढिगातून तिच्या नावाचं प्रमाणपत्र काढून पुढे केलं. त्यावर छापलं होतं, 'सहभागाबद्दल अभिनंदन.' तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि बारावीच्या गुणपत्रिकेमागे नीट लावलं. मला स्वतःची लाज वाटली. तरी मी बोललोच. पुढच्या वर्षी नक्की होईल, मी स्वतः लक्ष घालीन, वगैरे.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिथं आई थांबली.

"सर, पुढच्या वर्षी हा कार्यक्रम कोन्या तारखेले असते?"

तिला तो आवडला असं क्षणभर मला खरंच वाटलं. "काहून हो?" मी विचारलं.

"तो दिवस सोडून येतो मंग आमी," ती म्हणाली.