स्टेशनावर सोडलेल्या गायी

साइमीवहिनी आमच्या घरात सून म्हणून आली तेव्हाच लोट्टा, म्हणजे सैन्याला मदत करणाऱ्या बायकांच्या संघटनेतली, होती. करडा झगा, पांढरी कॉलर, गळ्याशी बिल्ला. लोट्टांनी बंदूक धरायची नाही. सैन्याचं बाकी सगळं करायचं. रांधायचं, धुवायचं, जखमा बांधायच्या, मेलेल्यांना शेवटची आंघोळ घालायची. वहिनी रांधायची. तिच्या वाटाण्याच्या सूपसाठी जवान वाट वाकडी करून यायचे.

एकोणचाळीसच्या हिवाळ्यातल्या पहिल्या युद्धात पूर्व सीमेवरचं आमचं करेलियातलं गाव शत्रूकडे गेलं, एकेचाळीसच्या दुसऱ्यात परत मिळालं. जळलेल्या जोत्यांवर आम्ही पुन्हा घरं उभी केली, आणि चव्वेचाळीसच्या जूनमध्ये आघाडी फुटली. माझ्या भावाची काही खबर नव्हती. गावात पुरुष उरले नव्हते, तेव्हा गाव हलवायचं काम लोट्टांवर आलं. त्यांची प्रमुख वहिनीच.

आम्ही बायका गुरं हाकत स्टेशनकडे निघालो. मागून आपलं सैन्य माघार घेत येत होतं, धारा काढायला कुणी थांबू देईना. कासा दगडासारख्या झाल्या, गायी हंबरून हंबरून घोगऱ्या झाल्या.

स्टेशनात मालगाडी उभी होती, आमच्या गुरांसाठीच ठेवलेली. पण फलाटावर जखमी जवान निजवलेले, आणि दुसरी गाडी येणार नव्हती. तिथला अधिकारी वहिनीला म्हणाला, बायकांना तुम्हीच सांगा, माझं त्या ऐकणार नाहीत.

वहिनीनं आधी सगळ्या गायींच्या धारा काढायला लावल्या. दूध जखमींना पाजलं. मग सांगितलं, की गाडीत जखमी जातील, गुरं जाणार नाहीत; शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांना इथंच गोळ्या घालायच्या.

माझी आई गायीचा दोर मनगटाला गुंडाळून उभी राहिली.

"ही जखमी पोरं आमची, गायीही आमच्याच," आई म्हणाली. "तू कुणाची गं?"

"आई, दोर सोडा."

"आधी तो बिल्ला काढ. मग सून म्हणून माग."

वहिनीनं बिल्ला काढला नाही. आईच्या मनगटाचा वेढा स्वतः सोडवला, आमची गाय गोदामामागे नेली आणि तिथल्या शिपायाला म्हणाली, "हिला पहिली." गोळी वाजल्यावर बाकीच्या बायकांनी दोर सोडले.

जखमींमधले काही वाटेतच गेले. शरदात तह झाला, त्याच्या अटींत आमचं गाव कायमचं गेलं आणि लोट्टा संघटनाही बंद करावी लागली. वहिनीनं झगा चुलीत घातला. भाऊ परत आलाच नाही.

पश्चिमेला जिथं जमीन मिळाली, तिथं शेजारी त्याच बायका. वहिनी दुकानात शिरली की त्यांचं बोलणं थांबायचं. तिथले मूळचे लोक तर लोट्टा म्हणजे शिपायांमागं फिरणाऱ्या बायका, असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. आई तिच्या हातचं जेवायची, पण मरेपर्यंत तिला नावानं हाक मारली नाही.

आई गेल्यावर मी एकदा विचारलंच, धारा काढण्याआधी का नाही सांगितलंस?

"आधी सांगितलं असतं तर दूध मिळालं नसतं," वहिनी म्हणाली, आणि बटाटे सोलत राहिली.