खुर्ची सभेची

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलं ते म्हणजे तुरीच्या शेंगा खाल्ल्या. दुपारची वेळ होती, अंगणात ऊन होतं, मिठात उकडलेल्या शेंगांची परात मधी. मी सोलायचो, ती खायची. तिच्या एका हातात वाचनालयाच्या मागच्या सभेची वही होती. सभेत कोण काय बोललं अन् काय ठरलं ते त्या वहीत उतरवतात. चुकलं तिथं ती पेन्सिलीनं खूण करायची अन् नजर वहीवरून न काढता दुसरा हात माझ्याकडं पसरायची. मी त्यात दाणे टाकायचो.

"सगळे मलाच देऊन ऱ्हायले. तुमी काय खाणार?"

"टरफलं."

"खा मंग. पण म्हशीला ठेवा थोडी."

एवढंच बोलणं झालं. वही मिटली अन् जरा पडते म्हणाली. चहा झाल्यावर हाक मारली तर उठली नाही.

आमचं गाव धारूर. मी चौथीपर्यंत शिकलो, तवा लिहिण्यात चुका निघतील. ज्याला दिसतील त्यानं मनात दुरुस्त करून घ्याव्यात. मला रडगाणं लिहायचं नाही. ते माझं मी करतो. पण गावात आता जो तो म्हणतो, बाई लई चांगली होती. चांगल्या बाया पुष्कळ असतात. माझ्या बायकोनं काय केलं ते कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहितो.

बाजारगल्लीतल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात मी शिपाई होतो. दोन खोल्या, वर पत्रा. सकाळी झाडायचं, पेपर काठ्यांना लावायचे, पुस्तक दिलं-घेतलं की नोंद करायची. ग्रंथपाल होते, पण त्यांचं दुसरीकडं दुकान होतं, म्हणून अर्धा ग्रंथपाल मीच. दुपारी खांद्याला पिशवी अडकवून पुस्तकं घरोघर पोचवायची. त्या काळी आमच्याकडं बाया वाचनालयाची पायरी चढत नव्हत्या. बाप्यांनी भरलेल्या ओसरीत कोण जाणार? पण वाचायच्या. एक पुस्तक चार दिवसांत फस्त करायच्या अन् वर मलाच म्हणायच्या, "मामा, ह्याच्यात शेवटी ती पोरगी माहेरीच ऱ्हाती, असलं कशाला आणलं?"

पण कार्ड नवऱ्याच्या नावावर. घरात एक कार्ड, ते घरच्या कर्त्याच्या नावाचं, अशीच रीत होती. बायकोनं पुस्तक मागितलं तरी नोंद मी नवऱ्याच्या नावावर करायचो. माझ्या वहीवरून बघितलं तर गावातला सगळ्यात मोठा वाचक म्हणजे आमचा कापडवाला. त्यानं आयुष्यात गिऱ्हाइकाच्या तोंडाशिवाय काही वाचलं नव्हतं. हा घोळ मी माझ्या हातानं वर्षानुवर्षं लिहीत आलो अन् मला त्यात कधी चूक दिसली नाही. माझं स्वतःच्या घरचं कार्डसुद्धा माझ्याच नावावर होतं अन् वाचत होती ती. ती सातवी पास होती. रात्रीच्या भाकरी झाल्या की मला पेपरसुद्धा तीच वाचून दाखवायची.

मग एक कारखानदार आला. तो आमच्याच गावचा. त्याचा बाप गल्लीच्या तोंडाला तेलाचा घाणा चालवायचा. पोरगा शिकायला म्हणून औरंगाबादला गेलता, तिथंच गाड्यांचे भाग बनवायला लागला. सरकारनं परवान्यांची भानगड काढून टाकली, बाहेरच्या कंपन्या आल्या अन् याचं एका शेडचं तीन कारखान्यांवर गेलं. गावात तेव्हा नुकता एसटीडीचा बूथ झालता अन् चार घरांवर केबलच्या छत्र्या. एका दिवशी त्याची पांढरी गाडी वाचनालयासमोर उभी राहिली. गल्लीत मावेना.

माणूस वाईट नव्हता. ओसरीत शिरल्यावर आधी चप्पल काढली. भिंतीकडं बोट करून म्हणाला, "मी इथं बसायचो. शाळा सुटली की दिवे लागेपर्यंत. घाण्यावर काम करायला लागू नये म्हणून." मग आमच्या अध्यक्षांसमोर नकाशा पसरला. अध्यक्ष म्हणजे पेन्शनीतले गुरुजी. मी चहा घेऊन उभा होतो, म्हणून सगळं ऐकलं. दोन मजली इमारत, लोखंडी कपाटं, पंखे, पोरांच्या अभ्यासाला वेगळी खोली. नाव त्याच्या वडिलांचं. गुरुजींचे डोळे भरून आले.

पुढं दोन अटी होत्या. इमारत त्याच्या जागेवर, घाटाच्या तोंडाशी, गावापासून बरीच लांब. अन् कमिटीच्या अकरा जागांपैकी सहा त्याच्या घरच्या, अध्यक्षाची खुर्ची धरून. बापानंतर पोराला, पोरानंतर नातवाला. सभेनं निवडायचं ते उरलेल्या पाचांना.

जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, नव्या इमारतीत तुमचा पगार माझ्याकडून. कायमचा."

मी उडतच घरी गेलो. अनुदान यायचं तेव्हा आमचा पगार व्हायचा, अन् अनुदान कधी यायचं ते बीडच्या ऑफिसालाच ठाऊक. बायकोला सांगितलं. ती भाकरी थापीत होती. ऐकून घेतलं अन् म्हणाली, "घाटाच्या तोंडाशी?"

"हां. मोकळी हवा हाय."

"मोकळी हवा. अन् तुमी तिथून पिशवी घेऊन गल्लीत कवा येणार? पोचल्यावर का वाटंत?"

"सायकल देतेत म्हणला."

"तुमचे गुडघे कोण देतंय?" भाकरी तव्यावर टाकली. "अन् ह्याच्या नातवाला वाचनालय नको वाटलं तर? तिथं ढाबा काढला तर कुणी इचारायचं? पाच माणसांनी?"

मला राग आला. म्हटलं, "तुला पगार नको, छत नको, तुला फक्त वाकडं बोलायला पायजे." दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "संस्थेची नियमाची वही आणा." मी आणली. जगात कुणी ती वाचली असेल असं वाटत नाही. हिनं पान न् पान वाचली.

त्या अटींचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर व्हायला पाहिजे अन् सभेत मत फक्त सभासदाचं. नवा सभासद झाला तर त्याला त्या वर्षी मत नाही. म्हणजे वाचणाऱ्या सगळ्या बाया बाहेर अन् न वाचणारे सगळे नवरे आत. ही माझ्या वहीची करामत. पण एक नियम असाही होता, की घरातल्या घरात कार्डावरचं नाव बदलता येतं अन् जुनेपणा कायम राहतो. बाप गेला की पोराच्या नावावर करायचे, त्यासाठी तो होता.

"पोराच्या नावावर होतं तर बायकोच्या कावून न्हाई?" ती म्हणाली. "नवरा मरायची वाट बघायची असं लिहिलंय का कुठं?"

मी वहीत पाहिलं. लिहिलेलं नव्हतं.

पहिला अर्ज तिनं माझ्यापुढं ठेवला. माझं कार्ड तिच्या नावावर. मी बराच वेळ पेन धरून बसलो. कायमचा पगार डोळ्यांपुढं होता. ती उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली. मी सही केली.

मग महिनाभर ती माझ्याबरोबर दुपारच्या फेरीला आली. मी पुस्तक द्यायचो, ती अर्ज. सही नवऱ्याची लागायची, तिथंच सगळं अडायचं. कापडवाल्याच्या दारात तर तमाशाच झाला. तो म्हणाला, "वहिनी, कार्ड कुणाच्या बी नावावर ऱ्हाऊ द्या की. पुस्तक तर येतंय ना घरी?"

त्याची बायको आतून आली. हातावर पीठ तसंच. "सही करा. न्हाईतर उद्यापासून पुस्तक तुमीच वाचा अन् संध्याकाळी मला समदं सांगा. एक पान बी सोडायचं न्हाई."

त्यानं सही केली. पेनसुद्धा माझं परत दिलं नाही, इतका गडबडला.

सभेच्या दिवशी ओसरी भरली. कारखानदार गुरुजींच्या शेजारी बसला होता. तेवढ्यात बाया आल्या. एकदम वीस-बावीसजणी, डोक्यावर पदर, हातात कार्ड. बाप्यांनी आपोआप भिंतीकडची जागा सोडली. एक जण म्हणाला, "काय बे, हळदीकुंकू हाय का आज?" कुणी हसलं नाही. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी वही पुढं केली. सगळी नावं नियमात होती.

ठराव वाचून झाला. माझी बायको उभी राहिली. सभेत बोलायची तिची पहिली वेळ. पदर नीट केला. मग बोलली.

"बांधा, शेठ. तुमच्या वडिलांचं नाव बी लावा, आमाला त्यांच्या घाण्याचं तेल ठाऊक हाय. पण गावात बांधा, बायांना चालत येता यील असं. अन् खुर्ची मागू नका. खुर्ची सभेची हाय. गुरुजींची बी न्हाई, तुमची बी न्हाई."

कारखानदार म्हणाला, "ताई, माझा पैसा लागणार. उद्या कुणीही निवडून येईल अन् वाटोळं करील. मी बघत बसू?"

"तुमच्या पोरानं वाटोळं केलं तर? कुणीबी आलं तर आमी पुढल्या सालाला काढू. तुमच्या पोराला कसं काढायचं?"

गुरुजींनी हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूनं बाप्यांचे बरेच हात आले. विरुद्ध म्हटल्यावर बायांचे सगळे. अन् त्यांच्यामागं, घरी जेवायचं आहे हे ओळखून असेल, ज्यांनी सही दिली नव्हती अशा चार-पाच नवऱ्यांचे. कापडवाल्याचा बी अर्धा वर होता, पण त्याचं मत आता बायकोकडं, गुरुजींनी मोजला नाही. ठराव पडला.

कारखानदार चहा न घेता गेला. गावानं दोन महिने आमच्याशी नीट बोलणं सोडलं. "दारी आलेली लक्ष्मी हिनं हाकलली," असं चावडीवर मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणायचे. मी मान खाली घालून पुढं जायचो. ती मात्र ओसरीत जाऊन पेपर वाचत बसायची, बाप्यांच्या मधी.

मग कारखानदाराचं पत्र आलं. जुन्याच जागेवर पत्रा काढून स्लॅब टाकतो अन् वर एक मजला चढवतो, कमिटीत जागा नको. म्हणाला होता त्याच्या निम्मंच दिलं, खरं ते सांगतो. पंखे आलेच नाहीत. पण खाली एक ओळ होती. "मला साधा सभासद करून घ्यावं." बायकोनं त्याला सगळ्यांसारखा कोरा अर्ज पाठवला अन् एक रकाना भरायचा राहिला म्हणून परतही पाठवला. त्यानं पुन्हा भरून दिला. माझ्या छातीत काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. सांगायला पाहिजे होतं.

पुढच्या वर्षी ती कमिटीवर निवडून आली. मतानं, उभी राहून. दोन बाप्ये पडले. त्याच आठवड्यात मी काम सोडलं. नवरा नोकर अन् बायको कमिटीत, हे नियमात बसत नव्हतं. ती म्हणाली, मीच सोडते. मी म्हटलं, "गप. पिशवी कुणीबी उचलंल." दोन एकर कोरडवाहू अन् एक म्हैस, यावर भागलं. ती घरातून वही घेऊन सभेला निघायची तेव्हा मी दारात उभा राहून बघायचो. गल्लीतले म्हणायचे, "काय मामा, नोकरी गेली तुमची." मी म्हणायचो, "बढती झाली."

तिला माती दिली त्या दिवशी सगळं गाव आलं. बायाही आल्या. कारखानदार औरंगाबादेहून आला अन् मागंच उभा राहिला. माती देऊन परतताना गुरुजींनी माझा हात धरला. आता ते लई थकलेत. म्हणाले, "वहिनींच्या जागेवर तुम्ही या. कमिटीत सगळ्यांशी बोललो. बिनविरोध ठराव करू. तिचं नाव घरात राहील." मागून कुणीतरी म्हणालं, "शोभून दिसंल." मी मान हलवली. हो म्हटलं का नाही, ते मलाही ठाऊक नाही. त्या घटकेला तिच्या खुर्चीवर बसायला मिळतंय म्हटल्यावर मी कशालाही मान हलवली असती.

घरी आलो तर वेगळ्या राहणाऱ्या पोराची बायको जेवायला वाढायला आली, तिला परत पाठवलं. अंगणात बसलो अन् ते बिनविरोध डोक्यात फिरत राहिलं. नवऱ्याला बायकोची जागा. मग पुढं माझ्या पोराला?

सकाळी अंघोळ केली, कपाळाला भस्म लावलं अन् वाचनालयात गेलो. गुरुजी पेपर वाचत होते. दचकले. "अहो, काल माती दिली अन् आज इथं?"

"आमच्या लिंगायतात सुतक न्हाई, गुरुजी. तुमी काल बोललात ते मला नको."

"का? कुणाचाच विरोध नाही."

"म्हणूनच नको. ती मतानं आलती. जागा रिकामी झाल्याची नोटीस लावा, सभा बोलवा. ज्याला पायजे, जिला पायजे, उभं ऱ्हाऊ द्या."

"तुम्ही उभे राहा मग."

"मला सभेची वही लिहिता येत न्हाई. मी बसून काय करू?"

गुरुजींनी पेपर मिटला. मग टेबलाच्या खणातून कागद काढून माझ्यापुढं सरकवला. हात कापतो म्हणाले, तुम्हीच लिहा. मी लिहिलं. कमिटीची एक जागा रिकामी आहे. सभासदांनी अर्ज द्यावेत. ती का रिकामी झाली ते लिहायला घेतलं, पण अक्षर जमेना, तेवढं सोडून दिलं. खाली गुरुजींची सही घेतली. बाहेर जाऊन फळ्याला चार टाचण्या मारल्या अन् कापडवाल्याच्या घरी, त्याच्या बायकोला सांगायला गेलो.