विमानतळाशेजारचं बोरन्हाण

आमच्या शेजारच्या हेमाचा हलवा पांढराशुभ्र असतो. हे तीच सांगते. दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत तिला धीर नसतो. माहेर कसबा पेठेतलं, त्यामुळे बोलणं मोजकं आणि टोचणारं. लग्न होऊन शहराच्या या टोकाला आली, आयुष्यभर बालवाडीत शिकवलं, निवृत्त झाली आणि आता दर वर्षी संक्रांत जवळ आली की हलव्याचे दागिने करायला बसते. मंद आचेवर परात, परातीत तीळ, वरून थेंब थेंब पाक आणि हाताने सारखं हलवत राहायचं. दाण्यांना छान काटा आला की त्यांचे हार, मुकुट, बाजूबंद आणि पोरांसाठी बासरी. माझी भूमिका शेजारी बसून चहा पिण्याची आणि चुका काढण्याची. ती मी चोख बजावते.

सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे विमानतळ आहे. लोहगावचा नव्हे हो, तिथे आपण सामान घेऊन जातो. हे एका फ्लाइंग क्लबचं लहानसं मैदान. पोरं वैमानिक व्हायला शिकतात आणि चिमुकली विमानं सकाळपासून डोक्यावर घिरट्या घालतात. उडायच्या आधी ती नेमकी आमच्या भिंतीला लागून उभी राहतात आणि इंजिनं तापवत बसतात. तेवढा वेळ आम्ही बोलणं थांबवतो आणि विमान गेलं की वाक्य पुढे चालू करतो. इतक्या वर्षांत कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

वाटलं ते हेमाच्या सुनेला. सलोनी आणि केदार सदाशिव पेठेत राहतात. त्यांची स्पृहा अडीच वर्षांची. सलोनीचं ऑफिस पुन्हा रोजचं सुरू होणार होतं, म्हणून स्पृहाने सोमवार ते शुक्रवार आजीकडे राहायचं, असं ठरलं होतं. हेमाला आनंद पोटात मावेना. छोटा पलंग आला, गॅलरीला जाळी बसली, चित्रांची पुस्तकं आली. हेमाचे यजमान यज्ञेश्वर तर फरशीवर बसून घोडा व्हायची तालीम करत होते. गुडघे साथ देत नव्हते, पण हौस दांडगी.

आणि एका रविवारी सलोनीने सरळ सांगून टाकलं, "अहो आई, रागावू नका. पण या छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. आपल्या गाड्यांच्या पेट्रोलमधून ते कधीच काढलंय, यांच्यात अजून आहे. धुरातून खाली येतं, धुळीत बसतं. लहान मुलांचे हात सारखे तोंडात, त्यामुळे त्यांच्या पोटात जातं आणि डोक्यावर परिणाम होतो. इथे किती आहे ते कळेपर्यंत मी स्पृहाला ठेवणार नाही."

"केदार याच घरात वाढला," हेमा म्हणाली.

केदार तेव्हा एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात चौथा लाडू घेऊन बसला होता. सलोनीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "हो ना, तेच म्हणतेय."

दोन दिवस हेमाचा नुसता तिळपापड. "पोर ठेवायचं नाही असं सरळ म्हणावं. शिसं कशाला मध्ये आणायचं?" मीही आगीत तेल ओतलं, शेजारधर्म म्हणून. तिसऱ्या दिवशी मात्र ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. "वहिनी, पण खरं असेल तर? माझी एकच नात आहे, ती नाही येणार. पण इथे घराघरांत रांगणारी पोरं आहेत, त्यांचं काय?" रागावलेली हेमा मला पेलते. काळजीत पडलेल्या हेमापुढे माझं काही चालत नाही.

नाजिमा तिची बालवाडीतली विद्यार्थिनी. आता खडकीला राहते आणि एका लॅबमध्ये काम करते. तिला फोन गेला. ती म्हणाली, "बाई, बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, आमचं छोटं मशीन लगेच आकडा सांगतं. शनिवारी घेऊन येते. तुम्ही फक्त मुलं जमवा."

मुलं जमवणं हेच तर अवघड. आयांनी नाकं मुरडली: चांगल्या पोराला सुई कशाला? सेक्रेटरींनी वेगळीच काळजी काढली, की बाहेर कळलं तर फ्लॅटला गिऱ्हाईक मिळणार नाही. हेमाने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि संक्रांतीनंतरच्या शनिवारी सगळ्या सोसायटीच्या पोरांचं एकत्र बोरन्हाण जाहीर केलं. पाच वर्षांच्या आतल्या प्रत्येक पोराला हलव्याचे दागिने तिच्याकडून. मात्र आधी बोट, मग बोरं.

"ही सरळ सरळ लाच आहे," मी म्हटलं.

"बालवाडी अशीच चालते," ती म्हणाली.

त्या शनिवारी हेमाचा हॉल बघायला हवा होता. काळी झबली, काळे कुर्ते, गळ्यात पांढरे हार. कुणाचा मुकुट नाकावर, कुणी बासरी चघळतोय, एक कन्या बाजूबंद पायात घालून हिंडतेय. खाली धुतलेली चादर, कारण बाहेरच्या धुळीत काही पडू द्यायचं नाही, असा हेमाचा हुकूम. आतल्या खोलीत नाजिमा मशीन मांडून बसली होती. पोरांनी बेसिनवर साबणाने हात धुवायचे आणि दाराशी रांगेत उभं राहायचं. आतून पहिलं भोकाड ऐकू आलं आणि रांग फुटली.

नेमके तेव्हाच यज्ञेश्वर मारुतीच्या देवळातून परतले. शनिवार त्यांचा कधी चुकत नाही. हातात शेंदराची वाटी. "अरे, मारुतीरायाचा शेंदूर लावला की कुणी घाबरतं का?" असं म्हणून त्यांनी दाराशीच बैठक मारली आणि एकेकाच्या कपाळाला टिळा लावायला सुरुवात केली. आणि खरंच हो, पोरं शांत झाली. शांत म्हणजे रडायची थांबली. मग त्यांनी वाटीत बोटं घातली, एकमेकांना टिळे लावले, शेवटी यज्ञेश्वरांच्या टकलावर सगळ्यांनी मिळून काम केलं. ते हसून हसून बेजार. नाजिमा आत स्पिरिटच्या कापसाने एकेक बोट पुसत होती आणि टोचत होती. एकही पोर पळालं नाही. मग बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या पोरांच्या डोक्यावरून ओतल्या. जो गोंधळ उडाला त्यात दोन आज्यासुद्धा रेवड्या वेचताना मी पाहिल्या.

हा दंगा चालू असताना नाजिमाने हेमाला आत बोलावलं. मी न बोलावता गेले. नाजिमाचा चेहरा उतरला होता. "बाई, पाचाच्या आत यायला हवं. इथे पंचवीस, तीस आलंय. जवळजवळ सगळ्यांचं. हे इतकं मला कारखान्यातल्या माणसांचं माहीत आहे, मुलांचं नाही. शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासावं लागेल, पण..."

हेमा बाहेर गेली आणि सगळ्या आयांना तिने जसं आहे तसं सांगितलं. आयांनी आपापली पोरं जवळ ओढली. पोरं तेवढी ऊस चावत होती. लोक गेल्यावर तिने फोन उचलला. "सलोनी, तुझं बरोबर होतं. स्पृहाला इथे आणू नकोस. नाही, पुढे बघू वगैरे काही नाही. मीच येत जाईन तिकडे." फोन ठेवून तिने चादर झटकायला घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. माझ्या आलं, आणि तिच्या येत नव्हतं म्हणून जास्तच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या इमारतीतल्या आम्रपालीचा फोन. "काकू, राग मानू नका, पण हलव्यात रंग घातला होता का? बाळाच्या हाराचे दाणे नारिंगी झालेत."

एवढ्या मोठ्या संकटातसुद्धा हेमाला हे सहन झालं नाही. माझ्या हलव्यात रंग? ती तशीच घरातल्या स्लिपरवर निघाली, मी मागे. आम्रपालीने हार पुढे केला. पांढऱ्या दाण्यांवर जागोजागी नारिंगी डाग, पोराने जिथे जिथे बोटं लावली होती तिथे. हेमाने एक दाणा बोटावर घासला, वास घेतला आणि तशीच घरी परतली.

"अहो, काल पोरांना काय लावलंत?"

"शेंदूर. का गं?"

तिने नाजिमाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. हेमाने शेंदराचं सांगितलं. नाजिमा म्हणाली, "बाई, हात धुतल्यावर लावला का? टोचायच्या आधी? अहो, शेंदूर शिशाचाच असतो. कापसाने पुसून जात नाही तो. आम्ही मुलांचं रक्त नाही, काकांचा शेंदूर तपासला."

मी खुर्चीत बसले ती हसायलाच. यज्ञेश्वर बिचारे वाटीकडे बघत होते. "पण मारुतीराया इतकी वर्षं..."

"मारुतीरायाला खुशाल लावा," हेमा म्हणाली. "त्याचं रक्त कुणी तपासत नाही."

पुढच्या रविवारी शिरेतून रक्त घ्यायचं ठरलं. या वेळी कुणाला बोलवावं लागलं नाही. घाबरलेल्या आया झाडून सगळ्या आल्या, सेक्रेटरी आपला नातू घेऊन आले. बेसिनपाशी हेमा स्वतः साबण घेऊन उभी. यज्ञेश्वरांना सकाळीच केदारकडे पाठवून दिलं होतं. पोरांनी घर डोक्यावर घेतलं, पण रक्त मिळालं.

आकडे आले. जवळजवळ सगळ्या पोरांचं ठीक होतं. सोसायटीत अक्षरशः पेढे वाटले गेले. मी म्हटलं, "आता कर सलोनीला फोन." हेमा कागद पुढे-मागे करत होती. तीन पोरांचे आकडे पाचाच्या थोडे वर होते आणि तिघंही भिंतीलगतच्या इमारतीतली. "थोडंच वर आहे गं," मी म्हणाले. "थोडं म्हणजे कुणाचं थोडं, वहिनी? तुमच्या पोराचं असतं तर?" मी हातातला पेढा खाली ठेवला. असं फार वेळा होत नाही.

फ्लाइंग क्लबचा व्यवस्थापक विश्वजीत. कडक इस्त्रीचा शर्ट आणि भिंतीवर विमानांचे फोटो. बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होतीच. आम्हाला बसायला सांगून तो गालातल्या गालात हसला. "काकू, ऐकलं मी. शेंदूर निघाला म्हणे."

"निघाला. चूक आमची, आम्ही पुसली," हेमा म्हणाली आणि कागद पुढे सरकवला. "हे शेंदूर पुसल्यानंतरचं आहे. आता तुमच्याकडचं तुम्ही पुसा."

त्याने कागद वाचला. हसू गेलं. "हे विमानांमुळेच, असं खात्रीने नाही सांगता येणार."

"मी तरी कुठे सांगतेय? जुन्या रंगाचं असेल, आणखी कशाचं असेल. तेही शोधतेय. पण शिशाचं पेट्रोल जाळत भिंतीला चिकटून कोण उभं राहतं, तेवढं सांगा. मैदान एवढं मोठं आहे."

माणूस वाईट नव्हता. त्याने चहा मागवला आणि भिंतीवरचा नकाशा काढून आमच्यापुढे पसरला. पलीकडच्या टोकाला बाभळी आणि माळ, वस्ती नाही. इंजिनं तिकडे तापवता येतील. दोन विमानांच्या इंजिनांना बिनशिशाचं इंधन चालतं, ते मागवायचं तर परवानग्या लागतील, वेळ जाईल. "वेळ जाऊ दे," हेमा म्हणाली. "मी निवृत्त आहे. रोज येऊन विचारीन."

आणि ती गेली की रोज, सदाशिव पेठेतून स्पृहाला सांभाळून परतताना. विश्वजीतचा चहावाला तिला बिनसाखरेचा चहा न सांगता द्यायला लागला. विमानं महिन्याभरात पलीकडे गेली, इंधनाला पावसाळा उजाडला. भिंतीलगतच्या तिन्ही घरांत ओल्या फडक्याने फरशी पुसायची शिस्त हेमाने लावली, जुना पोपडे धरलेला रंग काढून घ्यायला लावला. दिवाळीआधी तिघांचं रक्त पुन्हा तपासलं. तिघांचेही आकडे खाली आले होते. नाजिमाने हे फोनवर सांगितलं तेव्हा हेमाने मला मिठी मारली. हात पिठाचे, माझी साडी धुतलेली.

मग तिने सलोनीला फोन करून सगळे आकडे वाचून दाखवले, आधीचे आणि आताचे. "अगदी शून्य नाहीये गं. विमानं अजून उडतायत, सगळी नव्या इंधनावर नाहीत. तू ठरव. तू जे ठरवशील ते मला मान्य."

रविवारी दाराशी रिक्षा थांबली. सलोनी उतरली, कडेवर स्पृहा, खांद्याला दोन पिशव्या, आणि मागून केदार, डोक्यावर गादीची गुंडाळी घेऊन. हेमाने कागदांची फाइल काढली.

"राहू द्या आई, नाही वाचायचं मला," सलोनी म्हणाली.

"अगं पण तुझी खात्री नको का व्हायला?"

"खात्री बोरन्हाणाच्याच दिवशी झाली. शेंदराचं कुणालाही कळलं नव्हतं तेव्हा तुम्ही स्वतः फोन करून 'आणू नकोस' म्हणालात. पलंगसुद्धा घेऊन झाला होता तुमचा. त्या दिवसापासून मी नुसती इथल्या पोरांचे आकडे उतरायची वाट बघत होते."

हेमाने फाइल खाली ठेवली. तिने स्पृहाला घेतलं, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडायला लागली, चांगली हुंदके देऊन, दारातच.

यज्ञेश्वर आतून घाईघाईने आले. "काय झालं? वहिनी, काय झालं हिला?"

"काही नाही हो," मी म्हटलं. "नात राहायला आली."