गरुडछाप

लोअर परळच्या मॉलमध्ये दागिन्यांच्या दुकानापाशी बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि संपातली ती सकाळ आठवली. तेव्हा इथे आमच्या मिलचं गेट होतं. रखवालदाराने माझ्या छातीवर बंदूक रोखली, चाप ओढला. नुसतंच खट् झालं.

"गरुडछाप ही! पूर्वी हिचो बार कधी चुकाचो नाय," माझ्या शेजारच्या मागावरचे तात्या पुटपुटले. "आता छाप तीच, माल उतरलो. आपल्या कापडासारखो."

त्या उतरलेल्या मालावर मी आजवर जगलो.

दुकानाच्या रखवालदाराच्या बंदुकीवरही गरुडच होता.

"कशी आहे रे ही?"

"कंपनी सुधारली, काका. एकदम पहिल्यासारखी."

त्याने खांदा बदलला. नळी माझ्या छातीवरून फिरली, आणि त्या सकाळचा बार अजून वाटेत आहे असं वाटलं.