फौजदारबाई आणि काकूंची पर्स

वॉर्डात त्यांना तोंडावर सिस्टर म्हणायचे आणि पाठीमागे फौजदारबाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. संशय घेणं हा त्यांचा स्वभाव, तोच त्यांचा धंदा आणि तीच करमणूक. दूध आलं की आधी वास घेणार, दुकानदार जरा गोड बोलला की काट्याकडे बघणार. नवरा शिंपी होता. तो म्हणायचा, "हिनं मला होकार दिला तोसुद्धा माझ्या सदऱ्याची शिवण ओढून बघून." त्यावर बाई म्हणायच्या, "शिवण पक्की होती म्हणूनच दिला."

आता असला स्वभाव दुसरीकडे कुठे असता तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बोलणं टाकलं असतं. पण त्या वॉर्डात बाईंचा संशय म्हणजे निम्मं औषध होतं. तिथे रक्ताच्या कॅन्सरचे पेशंट असत. त्यांना जे औषध द्यायचे ते मोठं जालीम. रोगट पेशी मारायला निघालेलं ते औषध हाडांच्या आतल्या मगजातही शिरतं, आणि तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी तयार व्हायचा कारखानाच काही काळ बंद पाडतं. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातला पहारा. कातडी ही बाहेरची भिंत. भिंतीला फट मिळाली आणि जंतू आत आला, की या पेशी त्याला धरतात, गिळतात, आणि एकीकडे हाकाटी करतात. त्या हाकाटीनंच अंग तापतं. पण पहारेकरीच मूठभर उरले असले तर मारामारी दिसत नाही की सूज दिसत नाही, काही म्हणजे काही दिसत नाही. बहुतेक वेळा तापाची तेवढी एक खूण मिळते, आणि ती मिळाली की घटकाभरही न दवडता शिरेतून औषध सुरू करायचं असतं. उशीर झाला तर माणूस हातचा जातो.

म्हणून बाईंचा कायदा कडक. फुलं आणायची नाहीत. शिंकणाऱ्यानं दारातूनच परत जायचं. सोबतीला राहणारं माणूस ठणठणीत पाहिजे, दुखणेकरी सोबती दिसला की त्याची रवानगी. नव्या पेशंटला बाई पहिल्याच दिवशी बजावायच्या, "कणकण वाटली तरी मला सांगायचं. ताप असेपर्यंत घरी सोडणार नाही, हेही लक्षात ठेवा." हे शेवटचं वाक्य त्या धाक म्हणून घालायच्या. माणूस धाकानं खरं बोलतो असा त्यांचा समज होता. कसला खरं बोलतोय!

तर त्या वॉर्डात एक कुलूपवाले काका आले. बाजारात त्यांचं किल्ल्या करून द्यायचं दुकान होतं. बारीक अंगाचे, मिश्कील डोळ्यांचे. औषधानं केस गेले, तोंड आलं, तरी माणूस हसतमुख. पलंगाशेजारच्या कपाटाचं अडलेलं कुलूप त्यांनी नव्या सिस्टरच्या केसातल्या पिनेनं उघडून दिलं आणि वर म्हणाले, "सिस्टर, किल्ली हरवली की लोक आधी किल्ली शोधत नाहीत. आधी एकमेकांकडे बघतात." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, कारण पिनेनं कुलूप उघडणारा माणूस आपल्या वॉर्डात आहे हीच गोष्ट त्यांना पटली नव्हती.

काकांच्या सोबतीला काकू. अबोल बाई. पलंगाशेजारच्या स्टुलावर दिवसभर बसायच्या आणि मांडीवरच्या काळ्या पर्सवर हात ठेवायच्या. काकांना पेज भरवताना वाटी हलायची नाही. पण उठताना मात्र आधी पलंगाच्या कठड्याला हात, मग थोडं थांबणं, मग उभं राहणं. कुणी बघतंय असं दिसलं की पटकन उभं राहायच्या आणि ओठ दाबून धरायच्या.

काकांच्या पांढऱ्या पेशी घसरत घसरत तळाला गेल्या. या दिवसांत बहुतेकांना एकदा तरी ताप येतोच. काकांना येईना. बाईंनी थर्मामीटर लावला की आकडा शहाण्या मुलासारखा जागेवर. डॉक्टर खूश. नवी सिस्टर म्हणाली, "काका नशीबवान आहेत." बाई म्हणाल्या, "नशीब मला माहीत नाही. नाडी बघ." नाडी पळत होती. गाल ओढलेले, डोळे लालसर, दुपारी सदरा घामानं ओला. अंग सांगतंय एक आणि थर्मामीटर सांगतोय दुसरंच. कुठेतरी पाणी मुरत होतं.

बाई मागावर राहिल्या. थर्मामीटर बदलून पाहिला. सदरा घामानं का भिजतो म्हणून काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुमचा पंखा हळू फिरतो." हेही बाईंनी तपासलं. पंखा ठीक होता. मग त्यांची नजर त्या काळ्या पर्सवर गेली. ही बाई पर्स खाली का ठेवत नाही? बाथरूमला जाताना तेवढी पलंगावर ठेवते, आणि आल्यावर आत हात घालून चाचपडते ते काय? मग एका दुपारी दाराच्या काचेतून बाईंनी पाहिलं, तर काकू भिंतीकडे तोंड करून पर्समधून काहीतरी काढत होत्या. गोळ्यांचं पाकीट. बाई दार ढकलून आत गेल्या.

"पर्स उघडा काकू."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "माझं सामान आहे सिस्टर."

"तेच बघायचंय. उघडा."

पर्समधून दुखण्यावरच्या गोळ्या निघाल्या. या गोळ्यांनी दुखणं दबतं तसा तापही दबतो. नेमक्या वेळी गोळी पोटात गेली की थर्मामीटरला काही म्हणजे काही कळत नाही. पाकीट निम्म्याहून जास्त रिकामं होतं.

"माझ्या गुडघ्यांसाठी आहेत," काकू म्हणाल्या. "खूप दुखतात."

"आणि इतके दिवस बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही घालवलं असतं."

"मग इतक्या संपल्या कशा? एवढ्या गोळ्या गुडघे खातात?"

"मलाही कळेना," काकू हळूच म्हणाल्या. "मी मोजूनमापूनच घेते. मला वाटलं माझाच विसर."

बाईंना हे बोलणं इतकं पोकळ वाटलं की त्यांचा पाराच चढला. शेजारच्या दोन पलंगांवरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक ऐकत होते. बाई त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "ताप दाबून नवऱ्याला लवकर घरी न्यायचंय, होय ना? घरी न्याल, पण चार खांद्यांवरून न्याल. आजपासून तुम्ही या वॉर्डात पाय ठेवायचा नाही."

काकूंनी काकांकडे पाहिलं. नवरा काहीतरी बोलेल म्हणून त्या थांबल्या होत्या. काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग काकू कठड्याला धरून उठल्या, पर्स बंद केली आणि पाय ओढत निघून गेल्या. आता दुखणं लपवायचं कारणच उरलं नव्हतं.

खरं म्हणजे फौजदारबाईंनी संशय घ्यायचा तो याच क्षणी. बायकोवर चारचौघांत आळ येतोय आणि एवढा बोलका नवरा मूग गिळून बसतो, हे कुणाच्याही डोळ्यांत भरलं असतं. पण चोर हाती लागला की फौजदार निवांत होतो. बाईही निवांत झाल्या. जन्मात पहिल्यांदाच म्हणा ना!

त्या संध्याकाळी काकांना ताप नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. बाईंनी मनाशी हिशेब मांडला: गोळ्या देणारी गेली, आता गोळ्या नाहीत, तरी ताप नाही, म्हणजे ताप खरोखरच नाही. नवी सिस्टर दबकत म्हणाली, "पण नाडी अजून तशीच पळतेय."

"बायकोला घालवलं म्हणून रुसलेत," बाई म्हणाल्या. "माणूस रुसला की नाडी पळते."

हे वाक्य त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याची सालटी काढली असती.

त्याच्या पुढच्या सकाळी चादर बदलताना काकांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, ओठ काळेनिळे झाले, आणि बोलता बोलता त्यांनी मान टाकली. रक्तदाब एकदम खाली. डॉक्टर धावत आले. तपासणीला रक्त काढलं, सलाइन सोडलं, जंतूंवरचं औषध शिरेतून सुरू झालं. जंतू केव्हाचे रक्तात फिरत असणार. हाकाटी रोज होत होती आणि रोज तिचं तोंड दाबलं जात होतं. काकांना अतिदक्षता विभागात न्यायला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा उशीखालून चष्म्याचं घर खाली पडलं. ते उघडलं आणि गोळ्या फरशीभर पसरल्या. कात्रीनं एकेक कापून घेतलेल्या, पाकिटाच्या चांदीसकट.

बाई त्या गोळ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. काकू बाथरूमला गेल्या की पर्स कुणाजवळ असायची ते आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्यांनी. आणि फाशी देऊन हात झटकून बसल्या होत्या. काकू असत्या तर त्या दोन दिवसांत एकदा तरी म्हणाल्या असत्या की यांचं काहीतरी बिनसलंय. ते एक माणूसही बाईंनीच घालवलं होतं.

काकूंना फोन बाईंनी स्वतः केला.

"काकू, काकांची तब्येत बिघडलीय. लगेच या."

पलीकडून आवाज आला, "आत सोडाल?"

काकू आल्या. बाईंनी त्यांना दारातच गाठलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "गोळ्या काकांनी घेतल्या होत्या, तुमच्या पर्समधून. तुमचा काही दोष नव्हता. चूक माझी झाली. आणि तुम्ही गेल्यावर मी गाफील राहिले, ती त्याहून मोठी." ज्यांच्यासमोर बोलल्या होत्या त्या दोन पलंगांपाशी जाऊनही त्यांनी हेच सांगितलं. काकूंनी फक्त विचारलं, "वाचतील का?" बाई म्हणाल्या, "माहीत नाही." पहिल्यांदाच काकूंचे डोळे भरले.

चार-पाच दिवस काका काठावर होते. ड्यूटी संपली तरी बाईंचा पाय निघेना. घरी नवऱ्यानं विचारलं तर म्हणाल्या, "शिवण उसवलीय एक, माझ्याच हातून." त्यानं जेवणाचा डबा भरून दिला.

मग एका सकाळी पट्टी बदलताना बाईंना काकांच्या मनगटावर, जुनी सुई काढली होती तिथे, लालसर फुगवटा दिसला. मधोमध पिवळा ठिपका. "पू!" बाई ओरडल्याच. काकू दचकून उठल्या. बाई हसत होत्या आणि रडतही होत्या. "अहो, पू झालाय काकू! जंतूंशी भांडून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा पू होतो. पेशीच नसत्या तर कुठून झाला असता? कारखाना सुरू झाला!" दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. पेशी खरोखरच वर निघाल्या होत्या. काकू म्हणाल्या, "बरं झालं." एवढंच.

काकांना बोलण्याइतकी ताकद आल्यावर बाईंनी त्यांना फैलावर घेतलं. काका आढ्याकडे बघत म्हणाले, "ही स्टुलावर बसून बसून मोडत चालली होती. मला दिसत होतं, ती लपवत होती. तुम्ही म्हणालात, ताप नसेल तर घरी. म्हटलं, ताप नकोच."

"आणि मी तिला हाकललं तेव्हा? तोंडाला काय झालं होतं?"

काका म्हणाले, "वाटलं, अपमान होतोय तर होऊ दे. निदान घरी जाऊन पाय पसरून झोपेल."

काकू तिथेच होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, बाईंकडेही पाहिलं नाही. त्या वाटी धुवायला घेऊन गेल्या.

काका पुन्हा वॉर्डात आले. काकूही आल्या. या वेळी बाईंनी त्यांच्यासाठी पाठीची खुर्ची मिळवली, गुडघे हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. काकूंनी सगळं करू दिलं. पण पहिल्याच दिवशी वॉर्डाच्या दारात त्या थांबल्या, काळी पर्स उघडली आणि बाईंसमोर धरली.

"नको हो काकू," बाई म्हणाल्या. "लाजवू नका."

काकू हलल्या नाहीत. रागावल्यासारख्याही दिसत नव्हत्या. पर्स धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मागे माणसं खोळंबायला लागली, तेव्हा बाईंना आत बघावं लागलं. रुमाल, चष्मा, घराची किल्ली. मग काकू आत गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाई मुद्दाम दुसऱ्या टोकाला कामात राहिल्या, तर काकू दारात तशाच उभ्या, दुखऱ्या गुडघ्यांवर, बाई येईपर्यंत. तेव्हापासून बाई रोज वेळेवर दारात यायला लागल्या.

घरी जायच्या दिवशी काकांनी बाईंचे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळे जगलो सिस्टर," ते म्हणाले, आणि ते मनापासून होतं. डॉक्टरही म्हणाले, आमच्या फौजदारबाई आहेत म्हणून. सगळे हसले. काका व्हीलचेअरवर पुढे गेले.

काकू मागे राहिल्या. त्यांनी पर्स उघडून बाईंसमोर धरली.

"आता तर निघालात," बाई कशाबशा म्हणाल्या. "आता कशाला?"

"इथून काही नेत नाही ना, तेवढं बघून घ्या," काकू म्हणाल्या.

बाईंनी मान खाली घालून पर्समध्ये पाहिलं.