बॉल देणारी

डिचोलीच्या मैदानाबाहेर संध्याकाळी एक पोदेर, म्हणजे पाववाला, पावाची सायकल टेकवून उभा असतो. सामना चालू असेल तोवर तो भोंगा वाजवत नाही. त्याच्याकडून मी रोज उंडे, म्हणजे गोल पाव, घेतो.

त्या दिवशी मुलींचा बास्केटबॉलचा सामना होता. तालुक्याचा संघ मी निवडणार होतो आणि पॉइंट गार्ड म्हणून संघाचा खेळ चालवणारी पोरगी काही केल्या माझ्या मनात भरेना.

"आमच्या वेळचे गार्ड एकटे सामना जिंकून द्यायचे," मी पोदेराला ऐकवलं. "ही स्वतः बास्केट तरी करते का?"

तेवढ्यात बास्केट झाली. सगळ्यांनी बास्केट करणारीसाठी टाळ्या वाजवल्या. पोदेर मात्र पास देऊन निमूट मागे पळणाऱ्या त्या पोरीकडेच बघत होता.

उंडे कागदात बांधत त्याने विचारलं, "सर, तुमच्या त्या गार्डांक बॉल कोण दितालो?"

मला एकही नाव आठवेना.

घरी येऊन यादीत पहिलं नाव तिचं लिहिलं. मग चहासोबत उंडा मोडताना पोदेर आठवला. बारा वर्षं हा माणूस मला पाव देतो आहे. त्याचं नाव मी कधी विचारलेलंच नाही.