बाईचा पांढरा पट्टा

माझ्या थोरल्या बहिणीबद्दल आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. उद्यापन करूनही तिने सोमवारचा उपवास सोडला नाही, अगदी शेवटच्या दुखण्यातही नाही, एवढी तिची महादेवावर श्रद्धा. यंदाच्या हिवाळ्यात ती गेली. तेरवीला आलेल्या बहुतेकांनी ही गोष्ट एकदा तरी सांगितली आणि मी मान हलवत ऐकून घेतली. ती गोष्ट खोटी आहे. ती कशी तयार झाली हे माहीत असलेला मी आता एकटाच उरलो आहे.

तिला आम्ही बाई म्हणायचो. नवरा गेल्यावर ती बोरी अरबहून यवतमाळला माझ्याकडे आली. पुढे माझी बायको गेली आणि चूल बाईच्या हाती आली. माझा मुलगा तिने वाढवला, सुनेला घर तिने दाखवलं. सगळ्यांना वाढून झालं की कढईत जे उरेल ते घेऊन ती ओट्याशी बसायची. त्यात मला कधी काही वावगं दिसलं नाही. आमची आईही तशीच जेवायची.

सोमवार ती लग्नापासून करत होती. अंगात रक्त कमी झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आजी, पुरे आता. ती ऐकेना. शेवटी गुरुजींनीच सांगितलं की उद्यापन करून रीतसर सोडता येतं, तेव्हा कुठे तयार झाली. मेहूण जेवू घातलं, ओटी भरली. पुढच्या सोमवारी दुपारी ती माझ्या शेजारी बसून वरण-भात जेवली.

"कसं वाटते बाई?" मी विचारलं.

"सोमवारबी बाकीच्या वारासारखाच निंगाला रे भाऊ. उगाच भेऊन होती मी."

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आम्ही नागपूरकडच्या एका मोठ्या पार्कात गेलो. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, सिमेंटचे हत्ती-जिराफ असलेलं ते ठिकाण. निमित्त नातीच्या वाढदिवसाचं. तेव्हा ती पहिलीत होती. वणीहून व्याही आणि विहीणबाईही येणार होत्या. खर्च माझा, असं मी आधीच जाहीर केलं होतं.

मी जन्मभर कापसाच्या खरेदीवर प्रत ठरवायचं काम केलं. ढिगात हात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, बोटांनी ओढून पाहायचा आणि बोलून मोकळं व्हायचं. समोरचा गाडीवान हात जोडत असला तरी एकदा बोललेलं फिरवायचं नाही. निवृत्तीनंतर ही मूठ घालायला ढीग उरला नव्हता. पार्काचं माहितीपत्रक हातात आलं आणि मला काम मिळालं.

जेवणाचे तीन रस्ते होते. एक, तिकिटाबरोबरच जेवणाचे पैसे भरायचे. मग दुपारी ठरलेल्या वेळात हॉलमध्ये जायचं आणि पाहिजे तेवढं खायचं. दुसरा, आतल्या स्टॉलवर जे लागेल ते विकत घ्यायचं. तिसरा, हातावर शिक्का मारून बाहेर यायचं, हमरस्त्यावरच्या ढाब्यावर जेवायचं आणि परत आत जायचं. घरची शिदोरी हा चौथा रस्ता त्यांनी फाटकावरच बंद केला होता. बाहेरचं अन्न आत नेता येत नव्हतं. मी दोन दिवस विचार केला. स्टॉलवर समोशापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळ्याला अवाच्या सवा भाव, आणि लेकरू बरोबर असलं की दर वीस पावलांवर हट्ट. ढाब्यावर जायचं तर येण्याजाण्यात दुपार जाणार, आणि ओल्या कपड्यांनी उन्हात चालणार कोण? आधी पैसे भरलेलं जेवणच बरं. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. तो हिशोब बरोबर होता.

बाई रोज संध्याकाळी त्या पत्रकाजवळ येऊन बसायची. तिला वाचता येत होतं, पण चष्मा शोधण्यापेक्षा मलाच वाचायला लावायची.

"जेवाले काय काय हाय म्हणते?"

"पुलाव, पनीर, छोले, चायनीजबी हाय. गुलाबजाम, आइस्क्रीम."

"किती किती देतात?"

"पायजे तेवढं. आपल्या हातानं घ्याचं."

"अन् संपलं तं?"

"त्यांचे लोक आणून टाकतात ना."

तिने पत्रक माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे कोणी कोणाले वाढत नाही. बसलं का जेवलं. चांगलं हाय बाप्पा." दुसऱ्या दिवशी तिने भाजीवाल्या बाईला ते सांगितलेलं मी ऐकलं. पार्कात पाळणे आहेत हे तिने सांगितलं नाही. तिथे आपल्याला वाढावं लागणार नाही, एवढंच सांगितलं.

मी फोन करून तिकिटं ठरवली. सोमवार घेतला, कारण रविवारपेक्षा तो स्वस्त होता. फोनवरच्या मुलीने विचारलं, "सर, सगळ्यांना जेवणासकट द्यायचं ना?"

मी म्हणालो, "एक सोडून. आमच्याकडे एकाचा सोमवार असतो."

हे असं तोंडातून गेलं. वर्षानुवर्षं सोमवारी एक पान कमी धरायची सवय होती, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ समजावलं. पण वाक्य संपायच्या आत मला उद्यापन आठवलं होतं. मुलगी अजून फोनवर होती. "थांबा, सगळ्यांनाच द्या," एवढं म्हणायचं होतं. पैसे नव्हते असं नाही. मी म्हटलं नाही. बोललेलं फिरवायची सवय नव्हती आणि एक जेवण वाचलं हे मनात कुठेतरी गोड लागलं होतं. आत गेल्यावर स्टॉलवरून तिला काहीतरी घेऊन देऊ, असं ठरवून मी फोन ठेवला.

निघायच्या दिवशी पहाटे बाईने चहात रात्रीची पोळी कुस्करून खाल्ली. मी समोर होतो. बाकीचे अजून उठायचे होते. "आता दुपारी तिथंच हाणीन," ती म्हणाली आणि हसली. तेव्हाही मी बोललो नाही.

फाटकावर प्रत्येकाच्या मनगटाला कागदी पट्टा लावत होते. जेवणवाल्यांना लाल, बिगरजेवणवाल्यांना पांढरा. बाईने हात पुढे केला होता. बांगड्या वर सरकवून, अगदी हौसेनं. तिच्या हाताला पांढरा पट्टा लागला तो माझ्या मुलाने पाहिला.

"बाबा, आत्याचा पांढरा काहून?"

व्याही माझ्या खांद्याशी उभे होते. मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "बाईचा सोमवार असते ना."

"पण आत्याचं तं उद्यापन झालं!"

सगळे बाईकडे वळले. ती पट्ट्याकडे पाहत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाकीट उघडून उगाच तिकिटं मोजायला लागलो.

"झालं ना उद्यापन," बाई म्हणाली. "पण जीव ऐकते काय? धरला आज पुन्हा."

विहीणबाईंनी तिथेच तिला हात जोडले. "अशी भक्ती पायजे," त्या व्याह्यांना म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही. चतुर्थीले कांदाभजे मागता."

बाईच्या पोटात पहाटेची पोळी होती. ते मला माहीत होतं आणि तिलाही.

दुपारी हॉलच्या दाराशी रखवालदाराने पांढरा पट्टा पाहून हात आडवा केला. नुसतं बसायलाही चालणार नव्हतं. आत थंड हवा होती, बाहेर विदर्भाचा मे महिना. बाई म्हणाली, "जा तुम्ही. मी सामानाजवळ बसते." मग सगळ्यांच्या पिशव्या, ओले टॉवेल, चपला तिच्याजवळ आल्या. सिमेंटच्या जिराफाची थोडी सावली होती, तिच्यात ती बसली.

मी आत जायच्या आधी स्टॉलकडे गेलो, हेही लिहायला हवं. समोसे होते, डोसे होते. पण उपवासाच्या बाईला समोसा कसा न्यायचा? व्याही बरोबर आले होते. केळी विचारली, केळी नव्हती. शेवटी बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट घेऊन आलो, तर विहीणबाई म्हणाल्या, "अहो, त्याच्यात साधं मीठ असते. उपवासाले नाही चालत." बाईने पाकीट माझ्या हातात परत दिलं.

"राहू दे भाऊ," ती म्हणाली. "वाटून घ्याल तिकडं."

आत व्याह्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "घ्या इवाई, लाजू नका! पैसे वसूल झाले पायजे." मी दोनदा पुलाव घेतला, तीनदा छोले घेतले. काचेतून जिराफ दिसत होता, म्हणून मी खुर्ची फिरवून बसलो. जेवण चांगलं होतं. वाईट असतं तर बरं झालं असतं.

नात माझ्या शेजारी होती. तिने कधी उठून गुलाबजाम मुठीत धरला ते कळलं नाही. ती दारातून पळाली, तिच्यामागे मी. पाक तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता. तिने मूठ बाईच्या तोंडाजवळ नेली. "आत्याआजी, खा ना. गरम हाय."

बाईचं तोंड थोडं उघडलं. मी ते पाहिलं. मग तिची नजर माझ्यावर गेली, माझ्या मागून येणाऱ्या विहीणबाईंवर गेली, आणि तिने तोंड मिटलं.

"माझा सोमवार हाय बेटा. तू खा."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. पट्टा तिने अजून काढला नव्हता.

पुढच्या सोमवारी सुनेने सकाळी साबुदाणा भिजवला. आत्याबाईंनी पुन्हा उपवास धरला म्हणून तिने कौतुकाने केलं होतं. बाईने ती वाटी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, तू जेव," असं मी म्हणालो असतो तर? मग मुलाने विचारलं असतं, तिकडे काहून धरला होता मग? आणि सगळं बाहेर आलं असतं. मी वर्तमानपत्र उचललं. बाईने साबुदाणा खाल्ला. तो तिला जन्मात आवडला नव्हता, घशात अडकतो म्हणायची. डॉक्टर पुढे चिडायचे, मुलगा समजवायचा, आणि ती म्हणायची, "जमते मले."

ती देवमाणूस होती असं म्हणून मला सुटता येणार नाही. ती रागावलेली होती. दोन-तीन वर्षांनी यवतमाळातच एका लग्नाला गेलो होतो. योगायोगाने सोमवार. जेवणाच्या रांगेत तिने हात पुढे केला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "भाऊ, माहा पट्टा आणला काय?" मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. त्यानंतर तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. शेवटी दवाखान्यात ती महिनाभर होती. मी रोज तिच्या खाटेजवळ बसायचो आणि रोज उद्या बोलू म्हणून उठायचो.

तेरवीला तिच्या नावाचं पान वाढलं. सुनेने त्यात वरण-पुरणाशेजारी आठवणीने साबुदाण्याची उसळ वाढली. "आत्याबाईंना आवडायची," ती डोळे पुसत म्हणाली. मेल्यावरही बाईच्या ताटात माझं खोटंच पडलं, आणि मी नमस्कार करून बाजूला झालो.

कदाचित हे कोणाला न सांगताच मी मेलोही असतो. पण दोन आठवड्यांपूर्वी जेवताना नात म्हणाली की ती आता बाईच्या नावाने सोमवार धरणार आहे. ती आता आठवीत आहे. तिच्याही अंगात रक्त कमी आहे, शाळेतल्या तपासणीत निघालं होतं. सुनेला भरून आलं. नात म्हणाली, "मले अजून आठवते. मी गुलाबजाम नेला होता, तरी आत्याआजीनं घेतला नाही. एवढा कंट्रोल!"

मी हात धुतला आणि सगळं सांगितलं. फोन, पोळी, पट्टा, सगळं.

मुलगा जेवता जेवता थांबला. मग म्हणाला, "बाबा, पोरीनं उपवास करू नये म्हणता, हे समजते. पण त्यासाठी गेलेल्या माणसाबद्दल कायले असं बनवून सांगता?"

"बनवून नाही सांगून राह्यलो."

"वय झालं तुमचं. जेवा."

सुनेचाही विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? बाईची श्रद्धा त्यांनी इतकी वर्षं पाहिली होती. माझा कोतेपणाही पाहिला असेल, पण तो एवढा असेल असं त्यांना वाटत नसावं. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. जे तोंडी सांगितलं ते म्हातारपणाच्या खात्यात गेलं.

नात मात्र उठली नव्हती. तिने मला विचारलं, "मग आत्याआजीले तेव्हा भूक लागली होती?"

"लागली होती."

"अन् तुम्हाले माहीत होतं?"

"होतं."

सोमवारी सकाळी सुनेने साबुदाणा भिजवला होता. तो तसाच राहिला. दुपारी नात जेवली. पोळी, भाजी, वरण, भात, सगळं घेतलं. पण एरवी ती माझ्या शेजारी बसते. त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने ताट वाढून घेतलं, माझ्याकडे न पाहता आतल्या खोलीत नेलं, आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर एकटा जेवलो. आजही सोमवार आहे, आणि आतून ताटाचा आवाज येतो आहे.